अडीच बोटं

डॉक्टर पगारांनी कागद पुढे सरकवला.
कच्चं गाजर. भाकरी. उकडलेला बटाटा. केळं.
प्रत्येकासमोर शून्य ते दहा.
चावायला जेवढं जड, तेवढा मोठा आकडा, म्हणाले,
घाई नाही.

तीस वर्षं आकडेच पाहिलेत मी.
नाशिकरोडला, प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली
ताव उलटायचा, पाहायचा, उलटायचा,
शाई पसरली का, आकडा सरकला का.
डोळे ताणले की दाढेवर दाढ आपसूक बसायची.
ओव्हरटाइममध्ये ते कुणी धरलं नाही.

गाजरासमोर सात लिहिलं.
भाकरीपाशी पेन थांबलं.
सिन्नरच्या माहेरची, बाजरीची,
कड मोडली की शेजारच्या ताटाला कळायचं.
नऊ लिहिलं.
चिवडा यादीतच नव्हता.
यादी दुसऱ्याच कुठल्या गावात केलेली असणार.
मी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिला:
चिवडा, भद्रकालीतला, वर कच्चा कांदा.
आकडा नाही टाकला.

डॉक्टरांनी दोन्ही गालांवर बोटं टेकवली.
आवळा दात, म्हणाले.
सुपारीएवढ्या दोन गाठी उठल्या कातडीखाली.
केवढी ताकद आहे हो तुमच्यात!
असं याआधी मला कुणी म्हणालं नव्हतं.
रडू आलं,
आणि रडताना तिथेच दुखलं.

कसं दुखतं ते सांगता येत नाही धड.
जांभई येताना दिसली की मी तिला हाताने धरते.
मागच्या रविवारी सगळ्याजणी मखमलाबादला मिसळीला गेलो,
मळ्यात, खाटेवर बसून.
मी पाव तर्रीत बुडवून ठेवला, लगदा होईस्तोवर.
त्यांचे पापड मोडून झाले, ताकाचे ग्लास पालथे झाले,
माझा पहिला घास अजून डाव्या गालात.
जेवतेस की रवंथ करतेस गं, कमळजाबाई म्हणाली.
मी हसायला तोंड उघडलं.
टक्.
सगळ्यांनी ऐकलं.
मग कुणीतरी घाईघाईने बिलाचा विषय काढला.

पथ्य सांगितलं: मऊ खिचडी, मुगाची.
मूग गिळूनच तर इथवर आले, डॉक्टर.
ते लिहीत होते, हसले नाहीत.

मग त्यांनी शिकवलं.
ओठ मिटलेले, दात सुटे,
जीभ वर, पुढच्या दातांच्या जरा मागे.
म्हणा, न.
न.
हां. तिथेच राहू द्या तिला. दिवसभर. आवाज नको.

बसमध्ये मी दोन्ही अक्षरं करून पाहिली, मनातल्या मनात.
'हो' म्हणताना जीभ कुठेच टेकत नाही,
नुसता श्वास जातो.
सासरी गेला, साहेबांच्या केबिनमध्ये गेला,
गेला तो गेलाच.
'न'ला मात्र तोंडात जागा आहे, ठरलेली, खडबडीत,
जिभेला अंधारातही सापडेल अशी.

मोठं काही झालं नाही.
दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं,
गांगुर्डेबाई, थांबाल का दोन तास?
जीभ जागेवर होती.
मी थांबले.
पण दात सुटे ठेवून थांबले.

रात्री दाढांवर प्लॅस्टिकचं कवच चढवते,
सकाळी ते साबणाच्या जुन्या डबीत.
तू झोपेत जातं ओढतेस, हे म्हणायचे,
आता म्हणतात, आवाज नाही आला तर जाग येते.

आरशासमोर बोटं उभी धरून मोजते.
तीन मावली पाहिजेत.
पहिल्या आठवड्यात दोन, तीही रुसून.
आज दोन, आणि तिसरं अर्ध्यावर अडलेलं.

फळीवरचा डबा काढला.
एकच पोहा. तळलेला, तिखटाने लाल.
भिजायच्या आत उजव्या दाढेखाली घेतला
आणि हळू, अगदी हळू,

इतका बारीक आवाज
की शेजारी झोपलेल्या ह्यांनाही गेला नाही.
फक्त मला, कानाच्या आतल्या बाजूने.